बुद्धिबळाच्या इंजिनचा शोधवेग नेमका कशाने मोजावा?

अडीचघर (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

नमस्कार. मी नागपुरात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्प म्हणून सी प्लस प्लसमध्ये बुद्धिबळ खेळणारे इंजिन लिहितो आहे. बिटबोर्ड (पट 64 बिटांत साठवण्याची पद्धत), अल्फा-बीटा (निकालावर परिणाम न करणाऱ्या फांद्या छाटणारा शोध), ट्रान्सपोझिशन टेबल (तपासलेल्या स्थितींची उत्तरे जपणारा तक्ता) आणि मारामारीच्या चाली संपेपर्यंत पुढे पाहणारा क्वायसेन्स सर्च एवढे उभे राहिले आहे. मूल्यमापन मात्र साधेच आहे. मोहऱ्यांच्या किमती आणि कोणते मोहरे कोणत्या घरात शोभते याचे तक्ते, इतकेच. अहवालात ‘शोधाचा वेग’ असे एक स्वतंत्र प्रकरण हवे, असे मार्गदर्शक मॅडमनी सांगितले आहे. वरवर पाहता सेकंदाला किती नोड, म्हणजे शोधात तपासलेल्या स्थिती, हा एक आकडा दिला की ते प्रकरण संपायला हवे. पण तो आकडा एका जागी थांबतच नाही.

सुरुवातीच्या मांडणीत इंजिन सेकंदाला साधारण वीस लाख नोड दाखवते, तर हत्ती-प्याद्यांच्या अंतिम डावात हाच आकडा जवळजवळ दुप्पट होतो. त्याच मांडणीवर, तोच प्रोग्रॅम, तोच लॅपटॉप असूनही सकाळी मिळालेला वेग दुपारी मिळत नाही. चार थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) लावले तर पंखा गरगरतो, सिस्टिम मॉनिटरमध्ये चारही कोर पूर्ण व्यग्र दिसतात, आणि तरी छापलेला वेग एका थ्रेडएवढाच राहतो. भरीस भर म्हणजे वर्गातल्या एका मित्राचे इंजिन पर्फ्टमध्ये, म्हणजे ठरावीक खोलीपर्यंतच्या (इतक्या चाली पुढच्या) स्थिती मोजण्याच्या चाचणीत, माझ्यापेक्षा कितीतरी पट वेगवान आहे. आम्ही दोघांनी चाली तयार करण्याची पद्धत जवळपास सारखीच वापरलेली असताना एवढे अंतर का पडावे, हे कळत नाही. लिनक्सवर जीसीसी वापरतो आणि वेळ मोजण्यासाठी सी भाषेतले ‘क्लॉक’ हे फंक्शन वापरले आहे. यातला कोणता आकडा प्रामाणिकपणे अहवालात लिहिता येईल, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हत्तीची_रांग (परसोडी, नागपूर)

प्रश्न व्यवस्थित मांडल्याबद्दल आभार. बहुतेक जण नुसता एक आकडा टाकून ‘हा चांगला आहे का’ एवढेच विचारतात.

आधी पर्फ्ट बाजूला करू, कारण तो गुंता लवकर सुटेल. पर्फ्टमध्ये दिलेल्या स्थितीतून ठरावीक खोलीपर्यंतच्या सगळ्या कायदेशीर चाली खेळून शेवटच्या पातळीवरच्या स्थिती मोजल्या जातात. तिथे मूल्यमापन नसते आणि छाटणीही नसते. सुरुवातीच्या मांडणीतून पहिल्या खोलीला 20, दुसरीला 400, तिसरीला 8,902, चौथीला 1,97,281, पाचवीला 48,65,609 आणि सहावीला 11,90,60,324 हे आकडे यायलाच हवेत. ही मुळात अचूकतेची परीक्षा आहे. किल्लेकोट, एन पासां आणि प्याद्याची बढती यांतली चूक सुरुवातीच्या मांडणीत लवकर उघडी पडत नाही, म्हणून ‘किवीपीट’ या नावाने ओळखली जाणारी स्थितीही तपासावी. तिथे पाचव्या खोलीला 19,36,90,690 आले पाहिजेत. आकडे जुळल्यावरच वेगाकडे पाहण्यात अर्थ आहे, कारण काही चाली तयारच न करणारे इंजिन नेहमीच जलद धावते.

आता आपल्या मित्राचे इंजिन. पर्फ्टमध्ये शेवटच्या पातळीवर प्रत्येक चाल खेळून, एक मोजून, परत घेण्याऐवजी कायदेशीर चालींची यादी केवढी आहे ते पाहून तेवढी संख्या सरळ बेरजेत घालता येते. सहाव्या खोलीच्या पर्फ्टमध्ये असे केले, तर साडेअकरा कोटींहून जास्त चाली खेळण्याचे आणि मागे घेण्याचे काम वाचते आणि फक्त 48,65,609 ठिकाणी यादी बनवावी लागते. उत्तर तेच येते. वेग कित्येक पटींनी वाढलेला दिसतो. काही जण पर्फ्टलाही ट्रान्सपोझिशन टेबलसारखे हॅश टेबल जोडतात, मग तर आकडा आकाशाला भिडतो. त्यात लबाडी नाही, पण दोघांनी एकच पद्धत वापरली नसेल तर तुलना करूच नये. मित्राच्या कोडमध्ये खोली एक उरल्यावर काय होते, तेवढे पाहा.

खऱ्या शोधातल्या वेगाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे नोड म्हणजे काय हे प्रत्येक लेखक आपापल्या सोयीने ठरवतो. कोणी शोधाच्या फंक्शनमध्ये शिरताच गणक वाढवतो, कोणी चाल खेळण्याच्या फंक्शनमध्ये. कोणी क्वायसेन्स सर्चमधले नोड धरतो, कोणी धरत नाही. आणि तुमच्यासारख्या इंजिनात निम्म्याहून अधिक नोड तिथलेच असण्याची दाट शक्यता आहे, म्हणजे एक ओळ इकडची तिकडे केली की वेग निम्म्यावर येतो आणि खेळ मात्र तसूभरही बदलत नाही. ट्रान्सपोझिशन टेबलमध्ये उत्तर सापडल्यामुळे तत्काळ परत फिरलेला नोडही साधारणपणे मोजला जातो. असा नोड फार स्वस्त असतो. ना चालींची यादी करावी लागते, ना मूल्यमापन.

अंतिम डावात आकडा फुगतो तो याच कारणांनी. पटावर मोहरी कमी असली की चालींची यादी लहान होते, मूल्यमापनाला कमी घरे पाहावी लागतात, आणि त्याच त्या स्थिती वेगवेगळ्या क्रमाने पुन्हा पुन्हा येत असल्याने टेबलमधून मिळणाऱ्या आयत्या उत्तरांचे प्रमाण वाढते. इंजिन तिथे अधिक हुशार झालेले नसते, त्याला मिळालेले काम हलके असते. त्यामुळे एका स्थितीवरचा वेग कधीही सांगू नये. मध्य डाव, शांत स्थिती, मारामारीने भरलेली स्थिती आणि अंतिम डाव अशा काही डझन स्थितींचा एक संच ठरवून घ्यावा, प्रत्येक स्थितीपूर्वी टेबल पुसावे, ठरावीक खोलीपर्यंत शोध चालवावा, आणि सगळ्या नोडची बेरीज भागिले सगळ्या वेळेची बेरीज असा एकच आकडा काढावा. प्रत्येक स्थितीचा वेग काढून त्यांची सरासरी घेऊ नये. समजा एका स्थितीत दहा लाख नोडला एक सेकंद लागला आणि दुसरीत दहा लाख नोडला पाव सेकंद. वेगांची सरासरी सेकंदाला पंचवीस लाख येते, पण प्रत्यक्षात वीस लाख नोडला सव्वा सेकंद लागला आहे, म्हणजे खरा वेग सोळा लाख आहे. स्वस्त स्थिती सरासरीला वर ओढतात.

स्टॉकफिश या मुक्तस्रोत इंजिनात ‘बेंच’ ही आज्ञा नेमके हेच करते: ठरलेला स्थितींचा संच, वेगळे न सांगितल्यास 16 मेगाबाइटचे टेबल, एक थ्रेड आणि तेरा खोली. शेवटी एकूण वेळ, एकूण नोड आणि सेकंदाला नोड असे तीन आकडे छापले जातात. या तिन्हींत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मधला. एका थ्रेडवर एकूण नोडची संख्या प्रत्येक वेळी तंतोतंत तीच यायला हवी. कोड जलद करण्यासाठी बदल केला आणि ती संख्या बदलली, तर आपण फक्त वेग वाढवला नाही, शोधाचे झाडच बदलले. मग वेगांची तुलना तिथेच थांबवावी. स्टॉकफिशचे लेखक बदलाच्या नोंदीत हा आकडा लिहितात तो याचसाठी.

काळ्याघरचा_उंट (मानेवाडा, नागपूर)

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी फक्त घड्याळ आणि उष्णता यांबद्दल लिहितो.

चार थ्रेडचा प्रश्न आपल्या शेवटच्या ओळींतच सुटतो. लिनक्सवर ‘क्लॉक’ हे फंक्शन भिंतीवरच्या घड्याळाची वेळ देत नाही, तर प्रक्रियेने प्रोसेसरचा किती वेळ वापरला ते देते, आणि त्यात सगळ्या थ्रेडची वेळ एकत्र होते. चार थ्रेड एक सेकंद राबले की ते चार सेकंद सांगते. नोड चौपट, वेळही चौपट, म्हणून भागाकार जागच्या जागी. गंमत अशी, की विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत हेच फंक्शन प्रत्यक्ष गेलेली वेळ देते. त्यामुळे तोच कोड दोन यंत्रांवर दोन वेगळ्या गोष्टी मोजतो. सी प्लस प्लसच्या ‘क्रोनो’ लायब्ररीतले ‘स्टेडी क्लॉक’ वापरावे. ‘सिस्टिम क्लॉक’ टाळावे, कारण इंटरनेटवरून वेळ जुळवली गेली की ते मागेपुढे सरकू शकते.

घड्याळ बदलल्यावरही वेग चौपट होणार नाही, याची तयारी ठेवा. चारही थ्रेड एकच सामाईक गणक वाढवत असतील, तर तो गणक असलेली कॅशची (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीची) ओळ एका कोरकडून दुसऱ्याकडे फिरत राहते आणि मोजण्यानेच शोध मंदावतो. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा गणक द्यावा, तो स्वतःच्या 64 बाइटच्या ओळीत एकटा राहील असे पाहावे, आणि माहिती छापताना बेरीज करावी. वेळ संपली का हे प्रत्येक नोडला विचारणेही महागात पडते. एक-दोन हजार नोडमागे एकदा विचारले तरी पुरे.

आता दुपारचा प्रश्न. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि खोलीतला कूलर माणसाला गारवा देतो, बंद डब्यातल्या प्रोसेसरला फारसा नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर पहिले काही क्षण वाढीव फ्रिक्वेन्सीवर पळतो, आणि तापमान मर्यादेला भिडले की स्वतःच फ्रिक्वेन्सी उतरवतो. म्हणून छोटी चाचणी नेहमी छान दिसते आणि लांब चाचणी निराश करते. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला तर फ्रिक्वेन्सी आणखी खाली जाते, तेव्हा अशा वेळी घेतलेली मापे सरळ टाकून द्यावीत.

यावर सर्वांत उपयोगी पडणारी सवय म्हणजे जुनी आणि नवी आवृत्ती आलटून पालटून चालवणे. आधी जुनीच्या सगळ्या चाचण्या आणि मग नवीच्या असे केले, तर नव्या आवृत्तीच्या वाट्याला तापलेले यंत्र येते आणि चांगला बदलही वाईट ठरतो. एक जुनी, एक नवी, पुन्हा जुनी, पुन्हा नवी असे चालवून मध्यक घ्यावा. ‘टास्कसेट’ या आज्ञेने प्रोग्रॅम एका कोरला बांधावा, कारण नव्या इंटेल प्रोसेसरमध्ये मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे कोर असतात, आणि आपले इंजिन कधी याच्यावर तर कधी त्याच्यावर पडले तर मापाला अर्थ उरत नाही. शिवाय लिनक्सवरच्या ‘पर्फ स्टॅट’ने प्रोसेसरच्या एकूण किती सूचना पार पडल्या ते मोजता येते. भागिले नोड केले की एका नोडमागे किती सूचना लागल्या हे कळते, आणि तो आकडा जानेवारीत आणि मेमध्ये सारखाच येतो. त्यात एक उणीव आहे: टेबल मोठे असल्यामुळे प्रोसेसर मेमरीची वाट पाहत थांबला, तर ते थांबणे सूचनांच्या संख्येत दिसत नाही. म्हणून वेळही मोजावी लागतेच.

टेबलवरून आठवले, मेमरी मागितल्याबरोबर ती लगेच प्रत्यक्ष मिळत नाही. त्या जागेला पहिल्यांदा हात लागला की ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचे पान (तुकडा) जोडून देते, आणि हा खर्च पहिल्या शोधाच्या नावावर पडतो. घड्याळ सुरू करण्याआधी पूर्ण टेबल शून्याने भरून घ्यावे. तसेच चाचणीचा प्रोग्रॅम ‘ओ-थ्री’ या वेग वाढवणाऱ्या पर्यायाने कंपाइल केलेला आणि असर्ट (कोडमधल्या तपासण्या) बंद केलेला हवा, हे सांगण्याची गरज नसावी, पण अहवालात कंपायलरची आवृत्ती आणि त्याचे पर्याय लिहायला विसरू नये.

अडीचघर (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

दोघांचेही मनापासून आभार. मित्राच्या पर्फ्टमध्ये खरोखरच शेवटच्या पातळीवर चाली खेळल्या जात नाहीत. घड्याळ बदलल्यावर आणि गणक वेगळे केल्यावर चार थ्रेडचा वेग एका थ्रेडच्या तिपटीहून थोडा जास्त दिसू लागला आहे, आणि आलटून पालटून चालवल्याने दुपारचा गोंधळही निवळला.

मात्र एक नवी अडचण समोर आली आहे. मारण्याच्या चालींना ‘मोठा बळी, लहान मारेकरी’ या क्रमाने लावले आणि किलर चाली (त्याच खोलीवरच्या दुसऱ्या स्थितीत छेद देऊन गेलेल्या चाली) जोडल्या, तेव्हा सेकंदाला नोडचा आकडा स्पष्टपणे खाली आला; पण आठव्या खोलीचे उत्तर पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर मिळते. हत्तीची_रांग यांनी सांगितल्याप्रमाणे इथे झाड बदलले आहे, म्हणून तुलना थांबवली. परंतु मॅडम विचारतील की वेग वाढला की घटला, तेव्हा काय सांगावे?

जुनाप्यादा (महाल, नागपूर)

मी प्रोग्रॅमर नाही, आयुष्यभर पट मांडून खेळलो आणि इंजिने वापरत आलो, म्हणून या प्रश्नावर बोलण्याचे धाडस करतो. दिव्या देशमुखने 2025 मध्ये बाटुमीत महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवल्यापासून आमच्या भागातली मुले इंजिन उघडताच कोपऱ्यातला नोडचा आकडा एकमेकांना दाखवतात, जणू मोटारसायकलच्या काट्याकडे पाहावे. तो आकडा शोधाचा आवाका सांगत नाही.

इतिहासच पाहा. 1997 मध्ये कास्पारोव्हला हरवणारे डीप ब्लू हे यंत्र सेकंदाला साधारण वीस कोटी स्थिती पाहत असे, आणि त्यासाठी खास बनवलेल्या चिप होत्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार अल्फाझिरो हे न्यूरल इंजिन सेकंदाला सुमारे साठ हजार स्थिती पाहत होते आणि समोरचे स्टॉकफिश सुमारे सहा कोटी; हजार डावांच्या सामन्यात अल्फाझिरोने 155 जिंकले आणि 6 गमावले. दोघांच्या शोधाची पद्धतच निराळी होती, तेव्हा हजारपट कमी नोड म्हणजे हजारपट दुबळे, असे म्हणताच येत नव्हते. पुढे 2020 मध्ये शोगीच्या (जपानी बुद्धिबळाच्या) इंजिनांकडून आलेले एनएनयूई हे न्यूरल मूल्यमापन स्टॉकफिशने स्वीकारले, तेव्हा त्याचा सेकंदाला नोडचा आकडा ठळकपणे उतरला आणि ताकद वाढली. प्रत्येक नोडवर जास्त विचार झाला, तर नोड कमी पडणारच.

मॅडमना सांगावे की नोडचा वेग घटला आणि शोध वेगवान झाला. ही दोन विधाने एकमेकांना छेद देत नाहीत.

हत्तीची_रांग (परसोडी, नागपूर)

जुनाप्यादा काकांचे म्हणणे पटते, पण अहवालात ते आकड्यांनी दाखवावे लागेल, आणि त्यासाठी 1975 मध्ये क्नुथ आणि मूर यांनी केलेले अल्फा-बीटाचे विश्लेषण हाताशी आहे. प्रत्येक स्थितीत सरासरी 35 चाली धरल्या, तर सहा खोलीच्या पूर्ण झाडाला 35 चा सहावा घात, म्हणजे 1,83,82,65,625 पाने (झाडाच्या टोकाच्या स्थिती) असतात. प्रत्येक ठिकाणी सर्वोत्तम चाल आधी तपासली गेली, तर अल्फा-बीटाला त्यांतली फक्त 85,749 पाने पाहावी लागतात. सेकंदाला दहा लाखांच्या वेगाने पहिल्या कामाला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागेल आणि दुसऱ्याला एक दशांश सेकंदही नाही. चालींचा क्रम लावण्यात नोडमागे थोडा वेळ गेला, तरी या दोन टोकांपैकी चांगल्या टोकाकडे सरकण्याची किंमत म्हणून तो काहीच नाही.

म्हणून झाड बदलणाऱ्या सुधारणांसाठी ठरावीक खोली गाठायला लागलेला वेळ मोजावा, त्याच स्थितींच्या संचावर. सोबत प्रत्येक खोलीचे एकूण नोड नोंदवून परिणामी शाखांक (खोली एकाने वाढली की नोड किती पट होतात तो आकडा) काढावा. एका खोलीचे नोड भागिले आधीच्या खोलीचे नोड असे केले तर सम आणि विषम खोलींमुळे आकडा वरखाली हिंदकळतो. त्याऐवजी दोन खोलींचे अंतर घेऊन भागाकाराचे वर्गमूळ काढावे. आदर्श क्रमाच्या साध्या अल्फा-बीटामध्ये 35 चे वर्गमूळ, म्हणजे सहाच्या थोडे आत, एवढा शाखांक अपेक्षित असतो. आजची मोठी इंजिने जबरदस्त छाटणीच्या जोरावर दोनच्याही खाली उतरतात. आणखी एक स्वस्त आणि बोलका आकडा म्हणजे ज्या नोडवर बीटा छेद (उरलेल्या चाली न पाहता शोध थांबणे) झाला, त्यांपैकी किती ठिकाणी तो पहिल्याच चालीवर झाला. नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल तर क्रम चांगला लागला आहे असे समजण्याचा प्रघात आहे.

थ्रेडच्या बाबतीत मात्र सावध राहावे. सामाईक टेबलवर चालणारे थ्रेड काही प्रमाणात एकमेकांचेच काम पुन्हा करतात, त्यामुळे नोडचा वेग तिप्पट झाला म्हणजे उत्तर तिप्पट लवकर आले असे नाही. शिवाय कोणता थ्रेड टेबलमध्ये आधी लिहितो हे दर वेळी बदलते, म्हणून एकूण नोडही दर वेळी वेगळे येतात आणि तंतोतंत जुळणीची कसोटी तिथे चालत नाही. तिथे खोली गाठण्याचा वेळ अनेकदा मोजून त्याचा मध्यक द्यावा.

काळ्याघरचा_उंट (मानेवाडा, नागपूर)

खोलीपर्यंतच्या वेळेला माझा थोडा आक्षेप आहे. चालींचा क्रम बदलला तर ते माप योग्य आहे, कारण साध्या अल्फा-बीटामध्ये क्रम कोणताही असला तरी त्या खोलीचे मूल्य तेच येते. पण अडीचघर उद्या उशिराच्या चालींची खोली कमी करणारी छाटणी जोडतील, तेव्हा ‘आठवी खोली’ या शब्दांमागचे कामच बदलेल. छाटणी जितकी बेफाम, तितकी आठवी खोली लवकर गाठली जाईल, आणि वाटेत चांगली चाल गाळली गेली तरी माप शाबासकीच देईल. याच कारणाने दोन वेगळ्या इंजिनांच्या खोलीची तुलना करण्यात काही हशील नाही.

हत्तीची_रांग (परसोडी, नागपूर)

आक्षेप रास्त आहे. खोलीचा अर्थ बदलणारा बदल असेल, तर डाव खेळवण्यावाचून इलाज नाही. ‘क्यूटचेस’सारख्या साधनाने जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकींविरुद्ध उभी करावी, सुरुवातीच्या निरनिराळ्या स्थितींतून प्रत्येकी दोन डाव रंग बदलून खेळवावेत, आणि किती डावांनंतर थांबायचे हे मनाने न ठरवता एसपीआरटी या क्रमिक कसोटीवर सोपवावे. फरक लहान असेल तर हजारो डाव लागतात, तेव्हा वेळ कमी ठेवून रात्रभर यंत्र चालू ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. एकाच वेळी कोरच्या संख्येइतके डाव लावू नयेत, नाहीतर दोन्ही आवृत्त्या एकमेकींचा वेळ खातील आणि उष्णतेचा वरचा सगळा गोंधळ परत येईल.

अडीचघर, एवढे मात्र लक्षात ठेवा: हे डाव घड्याळावर खेळवा. प्रत्येक चालीला ठरावीक नोड अशी मर्यादा घातली, तर निकाल यंत्राच्या तापमानावर अवलंबून राहत नाही हे खरे, आणि मूल्यमापनातल्या बदलांची पहिली चाळणी म्हणून ते सोयीचेही आहे. पण ज्या आवृत्तीचा नोडमागचा खर्च वाढला आहे तिला त्याची किंमत मोजावीच लागत नाही, आणि ज्या आवृत्तीत तुम्ही केवळ कोड जलद केला आहे ती जुन्या आवृत्तीशी चालीगणिक तंतोतंत सारखीच खेळेल.